पडद्यावरचा श्रोता

मराठी चित्रपटातील गाण्यांविषयी आपल्याकडे दोन मते फार दिवसांपासून शेजारी शेजारी नांदत आली आहेत. पहिले मत सर्वसामान्य रसिकाचे. चित्रपट विसरला जातो, गाणी उरतात. म्हणून गाणी हेच त्या चित्रपटाचे खरे धन, असे तो मानतो. दुसरे मत जाणकारांचे, विशेषतः देशोदेशींचा सिनेमा पाहिलेल्या मंडळींचे. गाणे आले की कथा थांबते. म्हणून गाणे हा आपल्या चित्रपटाला जडलेला जुना आजार होय, असे ते म्हणतात. ही मते वरवर पाहता परस्परविरोधी वाटतात. परंतु दोन्हींच्या मुळाशी एकच गृहीतक आहे. गाणे आणि कथा या दोन वेगळ्या वस्तू असून त्या एकमेकींपासून सहज सुट्या करता येतात, हे ते गृहीतक. रसिक गाणे उचलून घरी नेतो आणि जाणकार ते कापून टाकू पाहतो, एवढाच काय तो फरक.

हे गृहीतक कितपत खरे आहे, हे काही मराठी चित्रपटांच्या आधारे तपासून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. गाण्याची चर्चा करताना आपण चाल, शब्द आणि आवाज या तिघांविषयी भरभरून बोलतो. ते गाणे पडद्यावर कोण ऐकत आहे, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो. माझ्या मते संगीतप्रधान चित्रपटात गाण्यामुळे कथा खोल होते ती बव्हंशी या श्रोत्यामुळे. गाणारा भावना व्यक्त करतो हे खरे. पण त्या भावनेचे कथेत रूपांतर होते ते ऐकणाऱ्याच्या ठिकाणी. हा श्रोता वगळला की गाणे उरते, कदाचित उत्तमही उरते, पण ते चित्रपटातले गाणे राहत नाही.

या म्हणण्याचा नीट उलगडा व्हावयाचा तर आधी संगीत नाटकाकडे वळावे लागते. १८८० साली किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि तेव्हापासून पुढची पन्नास वर्षे मराठी प्रेक्षकाचा कान या परंपरेने घडविला. या परंपरेत पद हे पात्राच्या तोंडी असे, पण ते खऱ्या अर्थाने ऐकणारा माणूस समोरच्या खुर्चीत बसलेला असे. त्याने ‘वन्स मोअर’ दिला की नट तेच पद पुन्हा म्हणे, आणि शकुंतला असो वा सुभद्रा, तिचे दुःख पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू होई. अशा वेळी रंगमंचावर उभ्या असलेल्या दुसऱ्या पात्राची अवस्था ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती विसरता येणार नाही. ते पात्र उपरण्याशी चाळा करीत, कधी जमिनीकडे तर कधी पडद्याकडे पाहत, पद संपण्याची वाट बघत असे. नाटकातील श्रोता हा असा नाइलाजाने थांबलेला माणूस होता. यात त्या नटाचा दोष नव्हता. सारे नाट्यगृह गायकाकडे पाहत असताना त्याच्या ऐकण्याकडे कोण लक्ष देणार?

चित्रपटाने ही परिस्थिती मुळापासून बदलली. कॅमेरा गाणाऱ्यावरून वळून ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जाऊ शकतो, आणि गाणे चालू असतानाच प्रेक्षकाला तो चेहरा, केवळ तो चेहरा, पाहावयास लावू शकतो. शिवाय चित्रपटात ‘वन्स मोअर’ नाही. एकदा सुरू झालेले रीळ पुढेच जाते. गाण्याला जे काही घडवावयाचे असेल ते त्या एकाच वेळी घडवावे लागते. ‘प्रभात’च्या ‘अयोध्येचा राजा’पासून, म्हणजे १९३२ पासून, मराठी चित्रपट बोलू आणि गाऊ लागला, पण या नव्या शक्तीची जाणीव सर्वांनाच एकदम झाली असे नाही. १९३५ साली ‘धर्मात्मा’मध्ये साक्षात बालगंधर्व एकनाथांच्या भूमिकेत आले. रंगभूमीवर ज्यांच्या गाण्यापुढे काळ थांबत असे, त्या कलावंताला पुन्हा ‘प्रभात’च्या चित्रपटात काम करताना मराठी प्रेक्षकाने पाहिले नाही. याची कारणे अनेक असतील. त्यांतील एक असे असावे की, समोर बसलेल्या श्रोत्याशिवाय जे गाणे फुलत नसे त्याला कॅमेऱ्यासमोर आपला श्रोताच सापडेना.

ही कोंडी फोडण्यात ज्यांचा वाटा मोठा आहे ते केशवराव भोळे. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले तेव्हा त्याचे संगीत भोळ्यांनी दिले होते. त्या नाटकात पदांची संख्या आणि लांबी दोन्ही आटोपशीर ठेवून गाणे प्रसंगाला बांधून घेण्याचा जाणीवपूर्वक प्रयत्न झाला. गोव्याच्या बांदिवड्यात जन्मलेल्या ज्योत्स्नाबाई भोळे यांचा त्या नाटकातील सहभाग आपल्या वाचकांना ठाऊकच आहे. भोळे स्वतः ‘एकलव्य’ या टोपणनावाने संगीतसमीक्षा लिहीत. दुसऱ्यांचे गाणे कान देऊन ऐकणे हा त्यांचा व्यासंगच होता. असा माणूस ‘प्रभात’मध्ये संगीतकार म्हणून गेला आणि त्याच्या हातून लागोपाठच्या दोन वर्षांत, १९३६ आणि १९३७ मध्ये, ‘संत तुकाराम’ व ‘कुंकू’ या दोन चित्रपटांचे संगीत झाले. विषय, वातावरण आणि दृष्टी या सर्वच बाबतींत हे चित्रपट एकमेकांपासून दूर आहेत. परंतु गाणे ऐकतो कोण, या प्रश्नाचे भान दोन्हींत सारखेच तीव्र आहे.

दामले-फत्तेलाल दिग्दर्शित ‘संत तुकाराम’चा आरंभ पाहावा. प्रथम तुकाराम आपल्या विठ्ठलासमोर बसून गात असतो. विष्णुपंत पागनीस यांचे ते गाणे साधे आहे. ताना नाहीत, हरकती नाहीत, शब्दाच्या पुढे धावणारा सूर नाही. पागनीसांनी तरुणपणी रंगभूमीवर स्त्रीभूमिका केल्या होत्या, नाट्यसंगीताचा सारा साज त्यांच्या परिचयाचा होता. हे लक्षात घेतले म्हणजे हा साधेपणा किती विचारपूर्वक पत्करलेला आहे ते कळते. त्यानंतर लगेच तीच रचना आपण सालोमालोच्या तोंडून ऐकतो. तो जमलेल्या लोकांसमोर बसला आहे, गाणे स्वतःचे म्हणून सांगतो आहे आणि ते नटवून-सजवून गातो आहे.

संपूर्ण चित्रपटाचा झगडा या दोन गाण्यांत मांडून झाला आहे. सालोमालो दुष्ट आहे, दांभिक आहे, चोर आहे, हे कोणी बोलून दाखविण्याआधी आपल्याला कानांनी कळलेले असते. पण ते कळते कसे? शब्द तेच आहेत. बदलला आहे तो श्रोता. तुकारामाच्या गाण्याचा श्रोता विठ्ठल आहे. तो काहीच बोलत नाही, मानही डोलवीत नाही. सालोमालोचा श्रोता त्याच्यासमोर बसून त्याला दाद देत असतो, आणि त्याचे गाणे प्रत्येक क्षणी त्या दादेकडे डोळा लावून असते. दाद मागणारे गाणे आणि दाद न मागणारे गाणे यांतील हा भेद १९३६ च्या प्रेक्षकाला समजावून सांगावा लागला नसेल. संगीत नाटकाच्या पडत्या काळाचा तो साक्षीदारच होता. संतचरित्राच्या आडून भोळ्यांनी येथे आपल्याच परंपरेवर एक मार्मिक टीका केली आहे, असे मला नेहमी वाटत आले आहे.

याच चित्रपटात आणखी एक श्रोता आहे, आणि माझ्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा. तो म्हणजे गौरीबाईंनी उभी केलेली जिजाई. नवऱ्याचे अभंग तिच्या कानांवर दिवसरात्र पडतात. पण घरात दाणा नाही, मूल आजारी आहे, आणि हा गातो आहे! तिच्या लेखी तो अभंग म्हणजे न झालेला स्वयंपाक. देवाला जाब विचारण्यासाठी ती पायातील वहाण हातात घेऊन देवळात जाते, तेव्हा तिच्या रागात आजवर ऐकलेल्या सर्व अभंगांचे उत्तर असते. येथे चित्रपटकर्त्यांनी एक मोठी गोष्ट केली. त्यांनी तिला हास्यास्पद ठरविले नाही. एखाद्या कमी प्रतीच्या संतपटात कजाग बायको ही प्रेक्षकाच्या भक्तीला गुदगुल्या करण्यासाठी असते. येथे मात्र तुकारामाचे गाणे जितके खरे आहे तितकीच जिजाईची भूकही खरी आहे. त्या भुकेच्या शेजारी ठेवल्यामुळेच अभंग आपल्याला महाग पडतो. त्याची किंमत कोणीतरी मोजते आहे, हे आपण विसरू शकत नाही. शेवटी तुकाराम वैकुंठाला निघतो आणि जिजाई संसारात मागे राहते. त्या प्रसंगी डोळ्यांत पाणी येते ते विमानाकडे पाहून येत नाही, मागे राहिलेल्या बाईकडे पाहून येते. तिच्या कानांवर आता ते गाणे पडणार नाही.

सालोमालोने तुकारामाला भ्रष्ट करण्यासाठी धाडलेल्या सुंदरेचीही गोष्ट अशीच आहे. गाणे हा तिचा व्यवसाय. लोकांनी आपले गाणे ऐकावे यावर तिचे पोट. तुकारामासमोर तिला प्रथमच श्रोता व्हावे लागते आणि तेथेच ती बदलते. चमत्कारांनी भरलेल्या या चित्रपटात मला तरी हाच चमत्कार सर्वाधिक विश्वसनीय वाटतो. कारण गाणे ऐकून माणूस आतून हलतो, हा अनुभव आपल्यापैकी प्रत्येकाच्या गाठी थोडाफार असतो. या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी लिहिलेली एक रचना इतकी एकजीव झाली की, ती तुकोबांचीच समजून लोक गाथेत तिचा शोध घेऊ लागले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. आठवल्यांच्या प्रतिभेचे श्रेय त्यांना द्यावयासच हवे. पण प्रेक्षकाची ती चूक घडली याचे एक कारण असेही आहे की, चित्रपटाने त्याला त्या वेळी देहूच्या गावकऱ्यांमध्ये नेऊन बसविलेले होते.

‘कुंकू’मध्ये भोळ्यांनी आणि व्ही. शांताराम यांनी याच्या अगदी उलट मार्ग धरला. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटात नीरा या तरुण मुलीचे लग्न काकासाहेब या वयोवृद्ध वकिलाशी लावून दिले जाते, आणि हे लग्न मनाने स्वीकारण्यास ती ठाम नकार देते. या चित्रपटाला रूढ अर्थाने पार्श्वसंगीत नाही. भिंतीवरच्या घड्याळाची टकटक, घरातील हालचालींचे आवाज, रस्त्यावरचे आवाज, एवढ्यावरच त्याचे ध्वनिविश्व उभे आहे.

या निर्णयाचे कौतुक वास्तवतेच्या नावाने पुष्कळ झाले आहे आणि ते योग्यच आहे. पण त्याचा गाण्यावर काय परिणाम होतो, हेही पाहिले पाहिजे. पार्श्वसंगीत म्हणजे पात्रांना ऐकू न येणारे आणि फक्त प्रेक्षकालाच ऐकू येणारे संगीत. पात्राच्या मनात काय चालले आहे, याची ती चोरून दिलेली बातमी असते. ‘कुंकू’ने प्रेक्षकाचा हा विशेष अधिकार काढून घेतला. नीराच्या घरात जे ऐकू येते तेवढेच आपल्यालाही ऐकू येते. आपण त्या घराचे रहिवासी होतो. म्हणून अशा घरात कोणी गाऊ लागले की ती घटना ठरते, कारण दुसऱ्या खोलीतील माणसाला ती ऐकू जाणार असते.

शांता आपटे यांनी स्वतः गायिलेली नीराची गाणी या दृष्टीने ऐकावीत. त्यांच्या गाण्याला धार आहे. त्या गाऊ लागल्या की गाणे घराच्या भिंतींना जाऊन थडकते. यांतील सर्वांत धाडसी गाणे तर इंग्रजी आहे. लाँगफेलो या अमेरिकन कवीची, आयुष्याला रणांगण मानून झुंजावयास सांगणारी प्रसिद्ध कविता नीरा गाते. १९३७ साली मराठी चित्रपटात नायिकेने इंग्रजी कविता गावी, हा केवळ नावीन्याचा सोस म्हणून सोडून देता येणार नाही. तिचे शब्द प्रेक्षागृहातील अनेकांना कळले नसतील. घरातल्या म्हाताऱ्या आत्याबाईला तर खासच कळणार नाहीत. परंतु न कळण्यातच त्या गाण्याचा अर्थ आहे. ज्या घराने तिला विकत घेतल्यासारखे आणले, त्या घराला न उमगणारे असे काहीतरी तिच्यापाशी शिल्लक आहे, आणि ते ती मोठ्याने, सर्वांच्या कानांवर पडेल असे म्हणते. श्रोत्याला अर्थ कळू नये आणि निश्चय मात्र कळावा, यासाठी याहून नेमके गाणे शोधूनही सापडले नसते.

त्याच चित्रपटात मास्टर परशुराम यांनी गायिलेले रस्त्यावरच्या गाणाऱ्याचे गाणे आहे. ते कोणा एकासाठी नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकासाठी आहे. मन निर्मळ असेल तर भिण्याचे कारण नाही, अशा आशयाचे ते साधे, बोलीतले गाणे. ते सुटे ऐकले तर सुविचारासारखे वाटेल. पण नीरासाठी ते सुविचार राहत नाही. तिच्या बाजूने त्या घरात फारसे कोणी बोलत नसते, आणि रस्त्यावरचा अनोळखी गाणारा नकळत तिची बाजू मांडून जातो. गाण्याला आपला श्रोता ठाऊक नाही, श्रोत्याला मात्र ते आपल्यासाठीच आहे असे वाटते. असा अनुभव संगीत नाटक देऊ शकले नसते, कारण तेथे घर आणि रस्ता यांच्यामधली भिंतच नव्हती.

येथे थोडा स्वतःचा अनुभव सांगावासा वाटतो, कारण या लेखातील विचाराचा उगम तेथे आहे. आम्हा सीमाभागातील माणसांकडे मराठी चित्रपटांची गाणी बहुधा चित्रपटाच्या आधी येत. रेडिओवर सांगली केंद्र लागे, लग्नाच्या मांडवात ध्वनिक्षेपक लागे, आणि महिनोन्‌महिने ऐकून गाणे पाठ झाल्यावर कधीतरी तो चित्रपट आमच्या गावी पोहोचे. ‘पिंजरा’ची गाणी मी अशीच आधी ऐकली. जगदीश खेबुडकरांचे शब्द, राम कदमांचे संगीत, उषा मंगेशकरांचा आवाज. मांडवात त्या लावण्यांनी केवढी धमाल उडविली होती! आमच्या लेखी ती आनंदाची गाणी होती. पुढे १९७२ चा तो चित्रपट पाहावयास मिळाला आणि माझ्या कानांनी मला किती फसविले होते, हे कळून मी काहीसा ओशाळलो.

‘पिंजरा’ हाही व्ही. शांताराम यांचाच चित्रपट. त्यातील लावण्या फडावर, लोकांसमोर, व्यवसाय म्हणून गायिल्या जातात. तेव्हा ‘येथे पात्र एकाएकी गाऊ का लागले’ हा जाणकारांचा आक्षेप त्यांना लागूच होत नाही. परंतु त्यांचे खरे महत्त्व त्यांच्या श्रोत्यात आहे. डॉ. श्रीराम लागू यांनी साकारलेले गुरुजी आरंभी तमाशाचे कट्टर विरोधक आहेत. ढोलकीचा आवाज त्यांच्या कानी शत्रूच्या चालीसारखा येतो. हाच आवाज हळूहळू त्यांना ओढू लागतो. जिला त्यांनी गावातून घालविले ती चंद्रकला त्यांना खाली खेचण्याचा चंगच बांधते, आणि तिचे हत्यार गाणे हेच आहे. पुढे जगाच्या दृष्टीने मेलेले गुरुजी फडाबरोबर हिंडू लागतात. गावात त्यांचा पुतळा उभा राहतो आणि ते स्वतः मात्र रोज रात्री ढोलकी ऐकत बसतात.

गाण्याचा प्रकार तोच, ठेका तोच, गाणारीही तीच. श्रोता मात्र शत्रूपासून गिऱ्हाईकापर्यंत आणि गिऱ्हाईकापासून गुलामापर्यंत पोहोचला. कथेचा सारा उतार लावण्यांच्या पायऱ्यांनी बांधलेला आहे. संवादांनी ही घसरण सांगावयाची तर गुरुजींना पश्चात्तापाची लांबलचक भाषणे द्यावी लागली असती. आणि चित्रपट जेथे तशी भाषणे देतो तेथे तो खरोखरच फिका पडतो, हेही नमूद केले पाहिजे. ढोलकी वाजत असताना मुकाट्याने बसलेले गुरुजी अधिक सांगतात. उत्तरार्धातील नशिबाच्या थट्टेचे गाणे आजही कार्यक्रमांतून टाळ्या घेते. ते चित्रपटात ऐकताना टाळी वाजविण्यास हात उठत नाही, कारण ज्याच्याविषयी ते आहे तो माणूस आपल्या डोळ्यांसमोर असतो.

येथवर पाहिलेल्या तिन्ही चित्रपटांत गाणे कोणाच्या ना कोणाच्या कानांवर पडते. पण ज्या चित्रपटात गाणे पात्राच्या कानापर्यंत पोहोचतच नाही, त्याचे काय? १९७७ चा ‘जैत रे जैत’ हा त्या दृष्टीने पाहण्यासारखा चित्रपट आहे. गो. नी. दांडेकर यांच्या कादंबरीवरून डॉ. जब्बार पटेल यांनी तो केला. कवी ना. धों. महानोर, संगीतकार हृदयनाथ मंगेशकर. ठाकरांच्या जीवनावरील या चित्रपटात गाणारा एक समूहच आहे. तो नाचतो, वाजवितो आणि नाग्या व चिंधी यांची कथा पुढे नेतो. पटेल यांनी त्याआधी ‘घाशीराम कोतवाल’मध्ये गाणाऱ्या माणसांच्या रांगेचा कथनासाठी केलेला उपयोग मराठी प्रेक्षकाच्या स्मरणात आहे. त्या प्रयोगाचा धागा येथे डोंगरावर नेलेला दिसतो.

नाग्याला पुण्यवंत व्हावयाचे आहे. राणी माशीचे दर्शन घडावे, या ध्यासाने तो निघतो. माशा त्याचा डोळा घेतात. आणि मग त्याच्या भक्तीचा सूड होतो. मोहन आगाशे यांचा नाग्या हा एकच गोष्ट ऐकणारा माणूस आहे. त्याच्या कानांत फक्त माशांची घोंघावणी आहे. भोवती समूह गातो, पाऊस येतो, रान फुलते, स्मिता पाटील यांची चिंधी सारी बंधने झुगारून त्याच्यापाशी येते आणि तिच्या गाण्यांत महानोरांचे सारे रान ओसंडून वाहते. हे सर्व नाग्याच्या अवतीभवती घडते, पण त्याच्या सूडापर्यंत पोहोचत नाही. येथे गाणी सुंदर आहेत म्हणूनच कथा भीषण होत जाते. एवढे सुख हाक मारीत असताना हा मनुष्य त्याकडे पाठ करून डोंगर चढतो आहे, हे आपण पाहतो. आपण ऐकतो आणि तो ऐकत नाही. अखेरीस पोळे पडते, विजय मिळतो आणि चिंधी जाते. ‘जैत’ म्हणजे जीत. ही जीत साजरी करणारा समूहस्वर त्या क्षणी कसा ऐकावा, हे प्रेक्षकाला कळत नाही. ज्याने हा चित्रपट पाहिलेला नाही आणि फक्त त्याची गाणी ऐकली आहेत, त्याच्या संग्रहात निसर्गाची आणि प्रेमाची उत्तम गाणी आहेत. नाग्याचे बहिरेपण त्या संग्रहात नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. श्रोता पडद्यावर दाखविला की गाणे खोल होते, असे असेल तर प्रत्येक दिग्दर्शकाने मान डोलावणारी चार माणसे दाखवावीत म्हणजे झाले! तसे पुष्कळदा होतेही. बैठकीचे गाणे चालू असताना दिवाणखान्यातील मंडळी एकमेकांकडे पाहून ‘वाहवा’ करतात, आई पदराने डोळे टिपते, आणि प्रेक्षकाने येथे भारावून जावे अशी सूचना त्याला मिळते. हा श्रोता नव्हे. ही दाद देण्यासाठी बसविलेली माणसे आहेत, सालोमालोच्या पुढ्यातली. दोहोंतला फरक ओळखण्याची कसोटी अवघड नाही. गाणे संपल्यावर ऐकणारा माणूस गाण्यापूर्वी होता तोच राहिला आहे का, हे पाहावे. सुंदरा तीच राहत नाही, गुरुजी तेच राहत नाहीत. जिजाई तीच राहते, पण तिचे तसेच राहणे हा तुकारामाच्या गाण्याला दिलेला प्रतिसाद असतो. आणि नाग्या ऐकत नाही, हीच त्याची शोकांतिका. ज्या गाण्यानंतर कोणाचेच काही झालेले नसते, त्या गाण्याविषयी जाणकारांचा आक्षेप मला मान्य आहे. ते कापले तरी चालेल. मात्र असे गाणे नुसते कथेच्याच दृष्टीने उपरे असते. चाल म्हणून ते मधुर असू शकते आणि त्याचा आनंद घेण्यास कोणाची हरकत असू नये.

गाणे चित्रपटापासून सुटे होण्याची प्रक्रिया तशी जुनीच आहे. जुन्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावे. तेवढ्यात बसविताना प्रसंगातील संवाद, मधले थांबणे, मागचे आवाज हे सर्व गळून पडे. पुढे रेडिओ आला, ध्वनिफिती आल्या, आणि आता तर गाणे प्रत्येकाच्या खिशातील फोनवर आहे. या सोयींविषयी तक्रार करणे कृतघ्नपणाचे ठरेल. सीमाभागात, गोव्यात, इंदूर-बडोद्याकडे किंवा हैदराबादेत मराठी घरांमध्ये मराठी टिकली त्यात या सुट्या गाण्यांचा वाटा फार मोठा आहे. ज्या मुलांना मराठी शाळा मिळाली नाही, त्यांच्याही जिभेवर खेबुडकर, महानोर आणि आठवले बसले ते असेच. पण त्यामुळेच आपल्यावर एक जबाबदारीही येते. आपल्या स्नेहसंमेलनांत आणि वाद्यवृंदांच्या कार्यक्रमांत ही गाणी आपण हौसेने गातो, ऐकतो. ती ज्या चित्रपटांतून आली ते चित्रपट मात्र पुढच्या पिढीला दाखवीत नाही. आपण त्यांना नीराचे गाणे देतो, पण ज्या घरात ते ऐकू जाते ते घर देत नाही.

‘संत तुकाराम’ला १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव लाभला. मराठी न जाणणाऱ्या परीक्षकांना अभंगातील किती शब्द कळले असतील, कोण जाणे. पण विठ्ठलापुढे गाणारा माणूस आणि त्याच्याकडे वैतागून पाहणारी त्याची बायको त्यांना दिसली असणार. आपल्याला तर शब्दही कळतात. तेव्हा पुढच्या वेळी हा चित्रपट पाहण्याचा योग आला, तर पागनीस गाऊ लागतील तेव्हा त्यांच्यासोबत गुणगुणण्याचा मोह क्षणभर आवरावा आणि त्या वेळी जिजाई काय करते आहे, हे पाहावे.